पिवळ्या फुलांचा अभ्रा

लेकीच्या तोंडाला पेट्रोलचा वास येतो, या काळजीत मी आठ वर्षं काढली. गेले चार महिने तो वास येत नाही, आणि आता मला झोप लागत नाही.

वास यायचा, कारण ती नळ्यांत फुंकायची. माझी मुलगी मेकॅनिक आहे. एका मोठ्या गॅरेजात होती. गाडीतली कुठलीही रबरी नळी हातात आली की ती आधी बाहीला पुसायची, मग तोंडाला लावायची. हवा पलीकडे सरळ निघते की अडखळते, ते तिच्या गालांना कळायचं. गाडीला जोडायचा स्कॅनर होता, तोही ती वापरायची, पण स्कॅनर काही म्हणो, शेवटी ती फुंकून बघणारच. तिथल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं फुंकरबाई. सकाळी ती आत शिरली की कोणीतरी ओरडायचं, "फुंकरबाई आल्या रे, बासऱ्या बाहेर काढा!"

"तुझ्या कानात फुंकते थांब," ती म्हणायची. "पलीकडून हवा निघाली तर आजची सुट्टी तुला."

हे सगळं ती जेवताना सांगायची आणि मी तिच्या तोंडाचा वास घेत बसायचे. "अगं, विष आहे ते. उद्या फुफ्फुसं गेली म्हणजे?"

"शिकवलंस तू आणि ओरडतेसही तूच. कमाल आहे हं आई तुझी."

शिकवलं होतं, ते खरं. ती सात-आठ वर्षांची असताना घरात तेलाचा नवा पत्र्याचा डबा आला. हिने खिळा ठोकून वर एक भोक पाडलं आणि डबा वाकवला. तेल गचके खात थोडं आलं आणि थांबलं. "आई, तेल संपलं." मी म्हटलं, डबा उचलून बघ, संपलंय का ते. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग झाला तो त्या दिवशी. समोरच्या कोपऱ्यात तिला दुसरं भोक पाडायला लावलं, आणि तेलाची अखंड धार लागली. तेल बाहेर पडायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी, मी सांगितलं. ती त्या दुसऱ्या भोकावर बोट ठेवायची, धार थांबायची. बोट काढायची, धार सुरू. निम्मं तेल ओट्यावर सांडल्यावर मी तिला धपाटा घातला. तिला धपाटा आठवत नाही, भोक आठवतं.

पुढे दोन वर्षांत तिचे वडील गेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकता कामाला लागलेला मेकॅनिक होता. तो आपलं सामान घेऊन आमच्याकडे आला आणि तीन वर्षं बाहेरच्या खोलीत राहिला. त्याचं जमलेलं लग्न त्याने पुढे ढकललं. हिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा, शाळा सुटली की आपल्या गॅरेजात न्यायचा. तिथेच ती पाने ओळखायला शिकली. "मामाचे उपकार आहेत आपल्यावर," हे मी तिला इतक्या वेळा ऐकवलंय की तिला ते पाढ्यांसारखं पाठ झालं असेल. तेव्हा मला वाटायचं मी चांगले संस्कार करतेय.

मामा चढत चढत त्या मोठ्या गॅरेजचा सुपरवायझर झाला आणि भाचीचा डिप्लोमा झाल्यावर त्याने तिच्यासाठी शब्द टाकला. तिच्यावर त्याचा जीव होता. मालकाला सांगायचा, "हिच्या तोंडात नळी दिली की गाडी स्वतःच्या तोंडाने दुखणं सांगते." हेही मी इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की माझा भाऊ मुळात वाईट माणूस होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात नवीन काम शिरलं. गाडीच्या पोटाला खालून काळा जाड लेप फवारायचा, म्हणजे गंज धरत नाही. हे काम तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. संध्याकाळी गाडी लिफ्टवर चढवून स्वतः फवारायचा. फवारण्याआधी खालची बारीकसारीक तोंडं झाकावी लागतात. बाकी सगळीकडे त्यासाठी चिकटपट्टी लावतात. मामाला ती आवडायची नाही. ती काढताना लेपाची कड उचलते आणि काम घाणेरडं दिसतं म्हणे. तो प्रत्येक तोंडात चिंधीचा बोळा घालायचा, वरून फवारायचा आणि लेप ओला असतानाच बोळे ओढून काढायचा.

चिंध्या माझ्या घरून जायच्या. जुन्या चादरी, पडदे, अभ्रे मी हातभर फाडून गठ्ठा बांधून ठेवायची आणि तो आला की न्यायचा. त्यात लेकीच्या उशीचा एक अभ्रा होता, पांढऱ्यावर पिवळी फुलं. शाळेच्या शेवटच्या वर्षांत ती त्यावरच झोपायची. विरून गेला तेव्हा मी तो फाडला. त्याच्या चौदा चिंध्या झाल्या. चौदा हा आकडा मला नंतर आठवून आठवून काढावा लागला.

आता नर्सबाईंची गाडी.

या बाई घरोघरी जाऊन आजारी माणसांना बघतात. इंजेक्शनं, जखमांच्या पट्ट्या, सगळं सामान गाडीच्या मागच्या सीटवर. त्यांची छोटी पांढरी गाडी चालता चालता बंद पडायची. तीन वेळा त्या गॅरेजला आल्या. पहिल्यांदा टाकीचं झाकण बदललं, दुसऱ्यांदा इंजिनाजवळचा एक व्हॉल्व्ह, तिसऱ्यांदा पेट्रोलचा अख्खा पंप. दर वेळी गाडी दोन दिवस शहाण्यासारखी वागायची आणि तिसऱ्या दिवशी चौकात बसकण मारायची. चौथ्यांदा त्या आल्या ते आवाज चढवूनच.

"मी तीनदा चुकीचं इंजेक्शन दिलं असतं ना, तर पेशंटच्या भावांनी मला जिन्यावरून खाली ढकललं असतं."

"चौथं माझ्या हातून घ्या," माझी मुलगी म्हणाली. "नाही लागू पडलं तर जिना आमच्याकडेही आहे."

बाई हसल्या. मग हिने विचारलं, "बंद पडल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करणार? पेट्रोल संपलं की काय म्हणून झाकण उघडून बघते."

"आणि?"

"पेट्रोल असतं. झाकण लावते, किल्ली फिरवते, तर बयेला काही झालेलंच नसतं."

"झाकण उघडताना आवाज येतो?"

"येतो की. कोणीतरी बुडता बुडता वर येऊन श्वास घ्यावा तसा. मला वाटलं सगळ्यांच्याच गाड्यांना येतो."

"आणि पेट्रोल भरताना?"

"ते तर विचारूच नका. पंपावरचा माणूस दर वेळी म्हणतो, बाई, तुमच्या गाडीला उचकी लागलीय, दोन घोट घेते की नळी बंद. सगळी रांग माझ्यावर खेकसते."

त्या रात्री जेवताना हिने मला सांगितलं की एवढं ऐकूनच तिला आपला तेलाचा डबा दिसला. पेट्रोलची वाफ बाहेर हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाने भरलेला एक डबा असतो. वाफ त्यात जाऊन बसते आणि गाडी चालताना इंजिन ती ओढून जाळून टाकतं. जेवढं ओढलं तेवढी बाहेरची हवा आत यायला मागच्या बाजूला एक तोंड ठेवलेलं असतं. तेच ते दुसरं भोक. ते बंद झालं की इंजिन ओढत राहतं, टाकीत हवा येत नाही, पंप त्या पोकळीशी झगडतो आणि शेवटी हात टेकतो. झाकण उघडलं की वरून हवा शिरते आणि गाडी ताजीतवानी. पंप बदलायचा तरी टाकी उघडावीच लागते, म्हणून गाडी दर वेळी बरी झाल्यासारखी वाटायची आणि ज्याने जे बदललं त्याला वाटायचं आपण रोग काढला.

पण तिला वाटून भागत नसतं. तिने नर्सबाईंना शेजारी बसवलं, स्कॅनर मांडीवर दिला आणि टाकीतल्या दाबाचा आकडा वाचत राहा म्हणून सांगितलं. बाई तापमान वाचावं तशा वाचत होत्या. आकडा घसरत घसरत गेला. मध्ये कुठेही न थांबता चाळीस मिनिटं पळवल्यावर गाडी खोकली आणि थांबली. हिने कान लावून झाकण उघडलं. टाकीने श्वास घेतला, आकडा वर आला आणि गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली.

मग गाडी लिफ्टवर. कोळशाच्या डब्याच्या मागची नळी सोडवली, पुसली, फुंकली. भिंतीत फुंकल्यासारखं झालं म्हणाली, गाल दुखले. मधला व्हॉल्व्ह काढून त्याला बॅटरीची तार लावली. तो टिकटिक करून उघडत होता, मिटत होता आणि त्यातून हवाही जात होती. म्हणजे अडचण त्याच्या पुढे. ती नळी चाचपत मागच्या चाकाच्या वरपर्यंत गेली. जिथे नळीचं तोंड असायला हवं तिथे गुळगुळीत काळा लेप होता. तिने सुरीने खरवडलं आणि वाकवलेली तार आत घालून ओढली.

"आधी हसूच आलं गं मला," ती म्हणाली. "वाटलं, माझी उशी इथे कोणी आणली?"

आणि तिने प्लास्टिकच्या पिशवीतून ती चिंधी टेबलावर ठेवली. एका बाजूने डांबरासारखी कडक. आतल्या घडीत दोन पिवळी फुलं अजून स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा आला. त्याच्या पिशवीत नर्सबाईंच्या गाडीचं कार्ड होतं, दोष आणि दुरुस्ती लिहून ठेवायचं. नर्सबाईंनी मालकाकडे दोषाचं कारण लेखी मागितलं होतं आणि मामाने कारणाच्या रकान्यात लिहून आणलं होतं : बाहेरून गेलेली माती व कचरा. सहीची जागा मोकळी. त्या गॅरेजचा नियम असा, की ज्याने दोष शोधला त्याने सही करायची.

"ताई, तूच समजाव हिला," तो बसता बसता म्हणाला. "माती लिहिली काय आणि चिंधी लिहिली काय, गाडी बरी झाली ना?"

"मामा, मातीला पिवळी फुलं येत नाहीत."

"बघ, बघ. उलट बोलायला शिकवलं कोणी हिला? मीच."

"तू पाने धरायला शिकवलंस. फुंकायला आईने. बोलायचं मात्र माझं मी शिकले."

मला तेव्हा गंमत वाटली होती. मी चहा टाकायला उठले. आतून मला त्याचा आवाज उतरलेला ऐकू आला. "मला पंचेचाळीस संपलं, बाळा, या वयात दुसरीकडे कोण घेतंय? मालक आधीच टपून बसलाय. हा लेपाचा धंदा माझ्या सांगण्यावरून सुरू झालाय. चिंधी म्हटलं की मी घरी."

"मग बाकीच्या गाड्यांचं काय? तेरा आहेत. मी रजिस्टर बघितलं."

"सगळ्यांत थोडीच राहिली असेल? मी आठवणीने काढतो."

"मग ही कशी राहिली?"

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तो आपले हात बघत बसला होता. हिने खिशातून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. तेरा गाड्यांचे नंबर, मालकांची नावं, फोन. "यांना एकेक करून बोलाव. फुकट तपासणी आहे म्हणून सांग. मी चिंध्या काढते, कोणाला पत्ता लागणार नाही. हे कबूल असेल तर मी तुझ्या मातीवर सही करते."

"कबूल. शब्द देतो."

तरी तिने पेन उचललं नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हणाले, "कर गं सही. मामा आहे तो तुझा. बोलावतो म्हणाला ना? आणि काही झालंच कोणाला, तर ते लोक गॅरेजलाच येतील की."

तिने सही केली. तिची सही सुरेख आहे, वळणदार.

मामा कार्ड घेऊन गेला. मी कपबशा उचलायला लागले तर त्याच्या बशीखाली तो कागद होता. तेरा नावांचा. मी तो पुसला, कारण त्यावर चहाचा गोल उमटला होता, आणि विजेची बिलं ठेवतो त्या ड्रॉवरमध्ये टाकला. उद्या आठवेल त्याला, घेऊन जाईल, असं म्हटलं.

चार दिवसांनी मी त्याला फोन केला. "अरे, तो कागद इथेच राहिलाय."

"राहू दे. येतो तेव्हा नेतो."

तो दोनदा येऊन गेला. कागद त्याने मागितला नाही आणि मी दिला नाही. एकदा तर तो त्या ड्रॉवरला पाठ लावून उभा होता. लेक मधून मधून विचारायची, "मामा, किती आल्या?" तो म्हणायचा, "चालू आहे. लोकांना वेळ कुठे असतो? मीच संध्याकाळी एकेकाची काढतोय, तू गेल्यावर." मी ताटं वाढत असायची. कागदाशिवाय तो कोणाला फोन लावतोय, हा प्रश्न मला पडत नव्हता असं नाही. मला तो विचारायचा नव्हता. विचारलं असतं तर त्याने काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मग ते लेकीला सांगायची पाळी माझ्यावर आली असती.

असे सहा आठवडे गेले.

यादीत सातवं नाव चष्मे बनवणाऱ्या एका गृहस्थांचं होतं. छोटं दुकान, काचा स्वतः घासून बसवायचे. मोठ्या पुलाच्या चढावर त्यांची गाडी मेली आणि मागून येणाऱ्या टेम्पोला थांबता आलं नाही. माणूस वाचला. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की हात जेवणाखाण्यापुरता चालेल, बारीक कामाला नाही.

गाडी ओढून आणली ती त्याच गॅरेजात. हिने आधी झाकण उघडलं. मागचा सगळा पत्रा चेपला होता, तरी टाकीने श्वास घेतला. मग तिने ती नळी शोधली आणि तार घातली. चिंधी निघाली. पिवळी फुलं.

ती दोन्ही चिंध्या घेऊन मालकापुढे गेली. मालकाने त्यांच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. त्याने नर्सबाईंचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"तुला माहीत होतं चिंधी आहे, आणि सही मातीवर केलीस. मग आज मी तुझ्यावर विश्वास का ठेवायचा?"

मामा तिथेच उभा होता. ती मला नंतर म्हणाली, तो आपल्या बुटांकडे बघत होता, जणू काही नवीन घेतलेत. मग म्हणाला, "चिंधी काय, कोणाचीही असू शकते." त्याच दुपारी तिला काढून टाकलं. चष्मेवाल्यांच्या कार्डावर काय लिहिलं असेल ते असो, गृहस्थांना सांगितलं गेलं की बॅटरी जुनी होती.

संध्याकाळी मामा आमच्याकडे आला. यायचं धैर्य त्याला कुठून आलं, हे मला अजून समजत नाही. ती सोफ्यावर बसून होती, हात मांडीवर. तिने एवढंच विचारलं, "त्या चष्मेवाल्यांना तू फोन केला होतास का?"

"केला होता ना. ते आलेच नाहीत. मी काय घरी जाऊन ओढून आणू?"

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांच्या काढल्या मी. सगळ्यांच्या. तू आता डोक्यातून काढ ते."

ती माझ्याकडे वळली. "आई, केला होता का गं त्याने?"

ड्रॉवर माझ्या उजव्या हाताला होता. हात लांब केला असता तर मूठ हातात आली असती. मी म्हणाले, "मला काय माहीत? केलाच असेल."

तिने मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. पुढच्या आठवड्यात ती घर सोडून गेली. भांडून नाही, रागावून नाही. हायवेच्या कडेला एक टायरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत राहते. खाली चाकं काढते, पंक्चर काढते, चाकं लावते. जाताना दोन्ही चिंध्या टेबलावरच ठेवून गेली. मी त्या ड्रॉवरमध्ये कागदावर ठेवल्या.

महिन्यापूर्वी मी तिला बघायला गेले. दुकानासमोर एक गाडी येऊन थांबली. चालक उतरला आणि म्हणाला, "ताई, चढावर दम खाते हो ही. जरा बॉनेट उघडून बघता का?"

"मी फक्त टायरचं बघते," ती म्हणाली.

तो गेला. मी म्हटलं, "अगं, बघायचं होतंस की. तुला दोन मिनिटांचं काम."

"माझी सही चालत नाही आता, आई." आणि हसली. तिच्या तोंडाला साबणाचा वास येत होता.

तेव्हापासून हे असं चाललंय. दिवसा घर आवरते, रात्री जागी असते. फोन केला की ती म्हणते, "हो. जेवले. तू जेवलीस? ठेवते मग." एवढ्यात संपतं. तिला वाटतं बाकी सगळ्या गाड्या ठीक आहेत आणि एकाच माणसाचं नुकसान झालं, ते तिच्या सहीने. त्या एका मनगटाचं ओझं ती एकटी उचलून बसली आहे. त्यातला माझा आणि मामाचा वाटा तिला माहीतच नाही.

मामा अजून तिथेच सुपरवायझर आहे. परवा फोनवर म्हणाला, "ताई, जुने अभ्रे-बिभ्रे असतील तर ठेव गं बाजूला." मी म्हणाले, "बघते." हे माझ्या तोंडून गेलं. नाही म्हणता आलं नाही मला, अजूनही.

आज मी तो कागद बाहेर काढला. नर्सबाईंची गाडी धरून लेपाच्या चौदा गाड्या. दोन निघाल्या, म्हणजे बारा राहिल्या. बाराही गाड्यांत चिंध्या असतीलच असं नाही. एकीत असेल, किंवा पाच गाड्यांत. कुठे माझ्या जुन्या पडद्याची असेल. हे बसल्या जागी कोणीच सांगू शकत नाही. नळी सोडवून फुंकल्याशिवाय कळत नाही, आणि फुंकणारी टायर लावतेय. यादीतलं नववं नाव एका बाईंचं आहे, पुढे लेकीच्या अक्षरात लिहिलंय, "शाळेची मुलं नेतात."

भावाला आधी विचारावं असं एकदा मनात येऊन गेलं. तो म्हणेल, ताई, चार महिने झाले, व्हायचं ते होऊन गेलं, आता कशाला. आणि मी ऐकेन. मी त्याचं नेहमी ऐकत आले.

सकाळी मी स्वतःच त्या बारा जणांना फोन लावावेत, असंही ठरवून बघितलं. पण ते विचारतील, मग गाडी कुठे आणू? चिंधी कोण काढणार? तुम्ही कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फक्त तिच्याकडे आहेत, आणि तिसऱ्याचं मला आधी तिलाच द्यावं लागेल.

अडीच वाजलेत. सकाळपर्यंत थांबले तर मी काय करीन ते मला पक्कं ठाऊक आहे. कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवीन आणि ओटा पुसायला घेईन. शिवाय नवव्या नावाच्या बाई सात वाजता घरातून निघत असतील.

फोन समोर आहे. कागद डाव्या हाताखाली, त्यावर दोन्ही चिंध्या. ती झोपेतून उचलेल, घाबरेल, "काय झालं आई?" म्हणेल. आणि मी बरी आहे हे कळलं की सवयीने म्हणेल, "मी जेवले गं, ठेवते." त्याच्या आत मला सांगून टाकायचं आहे, की त्या कागदावरच्या एकालाही फोन गेलेला नाही, कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये होता, आणि मला पहिल्या दिवसापासून ते माहीत होतं. मग ती ठेवू दे हवं तर.

लावते.